उजव्या दारावरील स्वारी

सकळ गृहस्थाश्रमी मंडळींस, आणि विशेषेंकरून ज्यांचे घरी एखादे दार, खिडकी अथवा पलंग आपल्या मर्जीने बोलतो अशांस, कळावे की, पृथ्वीवर मोठमोठी युद्धे जाहली, त्यांचे वृत्तांत मोठमोठ्या लोकांनी लिहून ठेविले, आणि ते वाचता वाचता लहान लोक झोपी गेले. परंतु खुद्द झोपेकरिता जे युद्ध जाहले त्याची हकीकत आजवर कोणी लिहिली नाही. ती येथे लिहिली आहे. यात पदरचे काही घातले नाही, आणि जे घडले त्यातून काही गाळिले नाही.

प्रथम राज्याची हद्द. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक मुदपाकखाना, एवढा मुलूख. बाहेरची खोली ती सदर. तेथे राज्याचे यजमान टेबलाशी बसत. हुद्दा मुद्रितशोधक, म्हणजे परक्यांनी लिहिलेल्या पुस्तकांतील चुका छापण्यापूर्वी हुडकून काढणे, हा त्यांचा पेशा. सबब काम घरी बसून, आणि आवाज काय तो पेन्सिलीचा. त्यांच्या मातोश्री, वयाने थोर, गुडघ्यांनी नाराज, जिभेने तल्लख, खिडकीपाशी लोकर विणीत बसत. आणि आतल्या खोलीत, भर दिवसा, पडदे ओढून, राज्याच्या खऱ्या धनीण निद्रिस्त असत.

त्या म्हणजे यजमानांच्या पत्नी. घरात त्यांस सर्व 'सरकार' म्हणत. पहिल्याने थट्टेने म्हणत, मग सवयीने म्हणू लागले, आणि पुढे त्यात थट्टा कोणती हे कोणास आठवेना. सरकार मोठ्या इस्पितळात परिचारिका असून, रात्रपाळीस नवजात बालकांच्या कक्षाचा बंदोबस्त त्यांजकडे होता. तेथील रयत वीतभर लांबीची, परंतु ऐसी की कोण कधी बंड करील नेम नाही, आणि एकाने आरोळी ठोकिली की बाकीचे बिनशर्त सामील. सरकार रात्रभर ती रयत सांभाळून सकाळी परत येत आणि संध्याकाळपावेतो निजत. या निद्रेवर घराचे सारे कायदे बेतलेले होते.

कायदे येणेप्रमाणे. सरकार परतल्यावर त्यांस कोणी काही पुसू नये, सांगू नये. त्यांनी चहा घ्यावा आणि निजावे. दिवसा बोलणे ते कुजबुजीने, आणि नाजूक मजकूर असल्यास हातवाऱ्यांनी. पायांत मोजे. दाराच्या घंटीस कापसाचा बोळा. फोन वाजण्यापूर्वीच उचलावा. मातोश्रींच्या बहिणीचा फोन आला असता मातोश्री तासभर निव्वळ 'हं' एवढ्या एका अक्षरावर संभाषण चालवीत. त्यातही कौतुकाचा 'हं', संशयाचा 'हं' आणि 'मी तुला आधीच सांगितलं होतं' या अर्थाचा 'हं' असे भेद होते. एकंदर शिस्त ऐसी की शेजारची मांजर आमच्या दारात आली म्हणजे पाय पुसून चालल्यासारखी चालत असे.

ऐसे सर्व यथास्थित असता, एक शत्रू अंतर्गोटात होता.

आतल्या खोलीत जाड लाकडाचे कपाट. दुसरीकडे ठेवण्यास जागा नाही म्हणोन ते तेथे. त्याचे डावे दार पलंगाने अडविल्यामुळे कैक वर्षे सेवानिवृत्त. सगळा कारभार उजव्या दाराने चाले. आणि त्या दाराआड घरातील झाडून सारी दौलत: वरच्या खणात सरकारचे कपडे, मधल्यात यजमानांचे जाडजूड शब्दकोश, खालच्यात मातोश्रींच्या गोळ्यांचा डबा आणि लोकरीचे गुंडे. दुपारचे जेवण जाहले की मातोश्रींस गोळी लागे. आणि तिसरे प्रहरी एखाद्या शब्दावर अडून यजमानांस कोश लागे. आणि त्यासाठी उजवे दार उघडावे लागे. आणि उजवे दार उघडिले की बिजागरी बोले.

ती काय बोले त्याचे वर्णन करणे प्राप्त आहे. आरंभी बारीक 'कुईं', जैसे मांजराचे पिलू दाराखाली सापडले; मग मध्ये 'कर्रर्र', जैसी रिकामी बैलगाडी चढणीस लागली; आणि शेवटी, दार पूर्ण उघडता उघडता, एक तुटक 'च्यॅक', जैसे नापसंत स्थळ पाहून आत्याबाईंनी जिभेने केले. पहिल्या भागास सरकार कूस बदलीत, दुसऱ्या भागास कपाळावर आठी येई, आणि तिसऱ्या भागास डोळे उघडत. एकदा उघडलेले डोळे पुन्हा मिटण्यास तास मोडे, आणि तोंवर दुसरे कोणास तरी दुसरे काही तरी लागे.

ऐसे दिवस चालले, आणि मग एके सकाळी सरकारनी आपल्या चहात मीठ घातले आणि तो निमूट पिऊन टाकिला. त्याच संध्याकाळी त्या एका पायात आपली आणि एका पायात मातोश्रींची चप्पल घालून इस्पितळास निघाल्या, त्या जिन्यावरून परत आल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आणि त्यांनी फर्मान काढिले ते असे:

"हे बघा, मला दुपारची सलग झोप मिळत नाहीये. तिथे माझ्या हातात एवढी एवढी पोरं असतात, पेंगत करायचं काम नाही ते. सोमवारी मेट्रनबाई विचारणार आहेत पुढच्या पाळीचं. झोप मिळाली तर हो म्हणेन. नाहीतर दिवसपाळी घेते आणि खिडकीत बसून केसपेपर फाडते."

फर्मान संपले आणि यजमान व मातोश्री यांनी एकमेकांकडे पाहिले. कारण उभयतांस ठाऊक होते की सरकारचा जीव त्या कक्षात आहे. इतर घरी सकाळी जैसे सामन्याचे धावफलक सांगतात, तैसे सरकार संध्याकाळी उठल्यावर काचेच्या उबदार पेटीतल्या पोरांची वजने सांगत. अमका आज दहा ग्रॅम वाढला, तमकीने पहिल्यांदा स्वतः दूध ओढले. आणि सांगताना थकलेला चेहरा ऐसा उजळे की यजमान हातचे काम टाकून ऐकत बसत. आता ते जाणार, आणि जाणार कशापायी, तर बोटभर लोखंडाच्या तुकड्यापायी. यजमानांनी पेन्सिल खाली ठेविली आणि कपाटाकडे पाहिले. युद्ध ठरले.

पहिली स्वारी त्याच संध्याकाळी, सरकार जिना उतरून जातात न जातात तोच निघाली. सेनापतिपद मातोश्रींनी आपणाकडे घेतले. त्यांनी आपल्या डोक्याचे तेल काढिले, ज्यात कसल्याशा मुळ्या भिजत घातलेल्या असत, आणि ते चमच्याने वरच्या, मधल्या व खालच्या बिजागरीस पाजिले.

"आई, हे केसांचं तेल आहे," यजमानांनी अर्ज केला.

"माझ्या केसांना चालतं, लोखंडाला काय धाड भरलीय?"

मग दार उघडून पाहिले. आवाज नाही. पुन्हा मिटून उघडिले. आवाज नाही. मातोश्रींनी पदराने चमचा पुसला, आणि त्या रात्री राज्यात सुखाने जेवण जाहले. दुसरे दिवशी दुपारी मातोश्री गोळी घेण्यास गेल्या, दारास हात लाविला, आणि बिजागरी 'कुईं, कर्रर्र, च्यॅक' ऐसे सर्व साद्यंत बोलली. वर घरातील तमाम कपड्यांस मुळ्यांचा वास लागला. सरकारनी उशीतूनच एवढे पुसिले की, "आई, आज तुम्ही इथे न्हायलात का?" आणि त्यांची झोप गेली ती गेली.

मग यजमानांनी सूत्रे हाती घेतली. त्यांच्या पेशास साजेल ऐसी त्यांची पद्धत की, चूक आधी नीट पाहावी, मग समासात खूण करावी, मग दुरुस्ती. त्यांनी तेल पुसून काढिले, साबण घासून पाहिला, मेण लावून पाहिले, आणि अखेर आपल्या पेन्सिलीचे शिसे कुटून ते फुंकणीने बिजागरीच्या सांध्यात फुंकिले. काही सांध्यात गेले, बरेच नाकात गेले. संध्याकाळी परीक्षा घेतली: दार मुके. दुसरे दिवशी दुपारी परीक्षा घेतली: दार वाचाळ.

येथे मसलत बसली. संध्याकाळी जे दार मौन पाळिते ते दुपारी कशास बोलते, हा पेच. मातोश्रींचे म्हणणे पडले की, "लाकूड दिवसा फुगतं. माझे पाय नाही का दुपारी सुजत?" यजमानांस हे पटले नाही, परंतु दुसरे सुचेना, आणि ज्यास दुसरे सुचत नाही त्याने आईशी वाद घालू नये, एवढे शहाणपण त्यांस होते. सबब दुपारी कपाटाकडे पंखा वळविला. कपाट थंड जाहले, सरकारस शिंका आल्या, बिजागरी जैसी होती तैसी राहिली.

तेव्हा कुमक मागविली. यजमानांचे धाकटे बंधू, म्हणजे सरकारचे भाऊजी, शहराच्या दुसऱ्या टोकास राहत. त्यांजपाशी ड्रिल होते. ज्या मनुष्यापाशी ड्रिल असते त्यास जगातील सर्व दुःखे भोकाने मिटतील ऐसे वाटते. ते संध्याकाळी हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून दाखल जाहले, जोडे न काढिता आत आले, मातोश्रींनी डोळे वटारिले म्हणोन काढिले, आणि दारावर टकटक करून म्हणाले, "दादा, तू पुस्तकातल्या चुका काढ. लाकडातल्या माझ्यावर सोड."

"सोडल्या," यजमान म्हणाले.

मग भाऊजींनी मोठा पराक्रम केला. त्यांनी दार कपाटापासून विलग केले, ते उभयतांनी सदरेत आणून मेजावर निजविले, बिजागऱ्यांच्या दांड्या उपटून नव्या बसविल्या, गंज पॉलिश पेपराने खरवडिला, मशीनचे तेल घातिले, सैल स्क्रूंच्या भोकांत आगकाड्या ठासिल्या, आणि दार पुन्हा जागी चढविले; पहिल्या खेपेस उलटे चढले, ते उतरवून सुलटे चढविले; आणि या सर्व काळात जमिनीवर सांडलेला एक स्क्रू यजमान रांगत शोधीत होते तो भाऊजींच्या मोज्यात सापडला. नंतर भाऊजींनी एका बोटाने दार लोटिले. दार गेले आणि आले, आणि श्वासही ऐकू आला नाही.

"बघ. लोणी."

मातोश्रींनी धाकट्या लेकाच्या गालावरून हात फिरविला. भाऊजींनी दारावर पंजा ठेवून आपली तसबीर काढविली, जैसी शिकारी लोक पडलेल्या जनावरासंगे काढितात, आणि पोटभर जेवून विजयी मुद्रेने परत गेले. दुसरे दिवशी दुपारी बिजागरी बोलली. यजमानांनी तसा निरोप फोनवर धाडिला. भाऊजींचे उत्तर आले की, "दार उघडायची पण एक पद्धत असते रे दादा. वहिनीला सांग, हिसका देऊ नका." वहिनी निजलेल्या होत्या, म्हणजे नुकत्या जाग्या जाहल्या होत्या, सबब हे उत्तर त्यांस दाखविले नाही, आणि भाऊजींचे प्राण वाचले.

आता शुक्रवार उजाडला होता आणि सोमवार दारात उभा होता. यजमानांनी खास सुतारमेस्त्रींस पाचारण केले. मेस्त्री संध्याकाळी आले, कानावरची पेन्सिल चाचपली, दार उघडिले, मिटिले, उघडिले, मिटिले, आणि यजमानांकडे ऐसे पाहिले जैसे डॉक्टर ठणठणीत माणसाकडे पाहतो.

"मालक, आवाज कुठाय?"

"दुपारी येतो," मातोश्री म्हणाल्या.

"मग दुपारी बोलवा."

"दुपारी सूनबाई झोपते."

"मग झोपू द्या की त्यांना."

"झोपू द्यायचंय म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय."

मेस्त्रींनी दार आणखी एकदा उघडून मिटिले. मग मातोश्रींनी स्वमुखे तो आवाज करून दाखविला, तिन्ही भागांसहित, अगदी शेवटच्या 'च्यॅक'पर्यंत. मेस्त्रींनी लक्षपूर्वक ऐकून अभिप्राय दिला की, "आजी, आवाज चांगला काढता, पण हा या दाराचा नाही. या दारात आवाजच नाही." आणि पाण्याचा पेला रिता करून, आवाज सापडला तर धरून ठेवा, मी लगेच येतो, ऐसे वचन देऊन ते निघून गेले.

शनिवारी यजमानांनी शत्रूशी तह करून पाहिला. दार मिटूच नये, उघडेच ठेवावे, म्हणजे उघडण्याचा प्रसंग नाही, ऐसी ती कलमे. परंतु उजव्या दाराच्या आतील अंगास आरसा, आणि पडद्याच्या फटीतून येणारे ऊन त्या आरशावर पडून तेथून थेट सरकारच्या डोळ्यांवर. सरकार दचकून उठल्या आणि म्हणाल्या की आपणास स्वप्नात कोणी तरी टॉर्च मारून तपासले. तह मोडला. त्या संध्याकाळी निघताना सरकारनी काही तक्रार केली नाही, कपाटाचे नाव काढिले नाही, फक्त म्हणाल्या, "दिवसपाळी काही वाईट नसते. घरी वेळेवर येता येतं." हे त्यांनी हसून सांगितले, आणि यजमानांस त्या हसण्याने जितके लागले तितके बिजागरीने कधी लागले नव्हते.

रविवारी सकाळी मातोश्रींस लवकर जाग आली म्हणोन चहा त्यांनीच केला. एरव्ही सरकार परतण्याचे वेळी यजमान मुदपाकखान्यात आधणापाशी उभे असत आणि पेला घेऊन आत जात, तों सरकार पलंगावर टेकलेल्या असत. त्या दिवशी हातास काम नाही, म्हणोन यजमान आतल्या खोलीच्या दाराशी तयार पेला धरून आधीच उभे. सरकार आल्या. डोळे अर्धे मिटलेले, केस विस्कटलेले, आणि खांद्यावर इस्पितळास न्यावयाची रोजची बॅग. बॅग म्हणावयाचे ते रिवाजाने. वस्तुतः तो पाठीवरचा संसार. पाण्याची धातूची बाटली, डबा, रबरी बूट, छत्री, टॉर्च, स्वेटर, आणि तळाशी कैक वर्षांची जमलेली पेने. सरकार चालत कपाटापाशी गेल्या, आणि रोज जेथे अडकवीत तेथे, उजव्या दाराच्या वरच्या आकड्यावर, ती बॅग अडकविली.

दार दोन बोटे उघडे होते. ते बॅगेच्या वजनाने खाली झुकले, आणि बिजागरीने हळूच म्हटले, 'कुईं'.

यजमानांनी पेला सरकारच्या हाती दिला. त्यांनी दाराकडे पाहिले, बॅगेकडे पाहिले, पुन्हा दाराकडे पाहिले, आणि आजवर हजार पाने तपासून एखादी चूक अचानक ठळक अक्षरांत दिसावी तैसी त्यांस सारी मोहीम उलगडली. सरकार संध्याकाळी इस्पितळास जात, आणि बॅग त्यांच्या खांद्यावर जाई. ओझे गेले की दार हलके, बिजागरी मुकी. मग मातोश्री तेल पाजीत, आणि यजमान शिसे फुंकीत, आणि भाऊजी ड्रिल चालवीत, आणि मेस्त्री 'आवाज कुठाय' पुसत. सकाळी सरकार परत येत, बॅग दारावर चढे, दार वाकडे होई, आणि दिवसभर बिजागरीची हाडे कण्हत. म्हणजे गनीम रजेवर गेलेला असता ही समस्त फौज रोज त्याच्या रिकाम्या छावणीवर हल्ला करून विजय साजरा करीत होती. कारण काय, तर सरकार निजल्या असता दुरुस्तीपायी दारास हात लावून त्यांची झोप मोडणे हे या घराच्या रीतीत बसत नव्हते. ही चूक करण्यास घर इतकेच प्रेमळ असावे लागते. भांडखोर घरी हा शोध पहिल्याच दुपारी लागला असता.

यजमान बोलणार, तों त्यांस कायदा आठवला. सरकारही चहा संपवून काही बोलण्यास तोंड उघडीत होत्या, तों मातोश्रींनी ओठांवर बोट ठेविले आणि पांघरूण ओढून दिले. सरकारनी हार मानली आणि डोळे मिटिले.

आता प्रसंग बाका. बॅग दारावर, सरकार पलंगावर, दोहोंत हातभर अंतर. बॅग न काढावी तर दुपारी दार बोलणार. आणि काढावी तर ओझे उतरता दार वर उसळणार आणि त्याच क्षणी बोलणार. यजमानांनी मातोश्रींस सदरेत नेऊन सर्व हकीकत कुजबुजीने निवेदन केली. मातोश्रींनी ती ऐकली आणि 'मी तुला आधीच सांगितलं होतं' या अर्थाचा 'हं' केला, जरी त्यांनी आधी काही सांगितलेले नव्हते.

मग यजमानांनी बेत रचिला. दारास खालून आधार द्यावा, म्हणजे बॅग निघाली तरी दार हलणार नाही. दाराची खालची कड आणि फरशी यांत फट होती. ती बोटाने मोजून त्यांनी टेबलावरील पुस्तकांत तितक्याच जाडीचे शोधिले. एक कादंबरी जाड निघाली, एक कवितासंग्रह अगदीच पातळ निघाला, आणि अखेर बागकामावरील एक मार्गदर्शिका नेमकी मापाची निघाली. ती घेऊन उभयता मोज्यांच्या पावलांनी आत शिरले. यजमान पोटावर पालथे पडले आणि पुस्तक फटीत सारू लागले. ते थोडे आत गेले, मग अडले, मग यजमानांनी श्वास रोखून अंगठ्याने दाबिले, आणि ते पाचर बसावी तैसे बसले. दार उचलले गेले, केसभर. आवाज नाही.

मातोश्रींनी दोन्ही हातांनी दार धरिले. यजमान उठले, त्यांचा गुडघा वाजला, दोघांनीही त्या गुडघ्याकडे रागाने पाहिले. मग यजमानांनी बॅगेखाली एक हात घातला, दुसऱ्याने पट्टा आकड्यावरून उचलिला, आणि बॅग छातीशी धरिली, जैसे सरकार आपल्या कक्षात एखादे पोर धरीत असतील. आकडा सुटला. दार हलले नाही. आणि नेमके त्याच वेळी बॅगेच्या पोटात पाण्याची बाटली डब्यावर आडवी जाहली आणि वाजली: 'टण्ण'.

सरकारनी कूस बदलिली. कपाळावर आठी आली. डोळे मिटलेलेच, परंतु हुकूम स्वच्छ सुटला: "अगं, चार नंबरचा रडतोय. बघ ना जरा."

यजमान बॅगेसह पाषाण जाहले. मातोश्रींनी मात्र समयसूचकता ऐसी दाखविली की तिचे वर्णन पिढ्यानपिढ्या व्हावे. त्या पलंगाकडे वाकल्या आणि इस्पितळातील कोणा कनिष्ठ परिचारिकेच्या स्वरात हळूच म्हणाल्या, "बघितलं सिस्टर. झोपला तो."

"वजन?"

मातोश्रींनी लेकाकडे पाहिले. लेकाने खांदे उडविले.

"वाढलंय," मातोश्री म्हणाल्या.

सरकारच्या कपाळावरील आठी गेली, ओठांवर कसलेसे समाधान आले, आणि त्या ऐशा गाढ निजल्या की चेहरा उशीत रुतला. उभयतांनी बॅग सदरेत आणून खुर्चीवर ठेविली आणि तिच्या दोन्ही बाजूंस बसून राहिले.

दुपार जाहली. मातोश्रींनी मार्गदर्शिका फटीतून काढविली, दारास हात लाविला, आणि डोळे मिटून ओढिले. दार उघडले. कुईं नाही, कर्रर्र नाही, च्यॅक नाही. पाण्यातून मासा जावा तैसे गेले. मातोश्रींनी गोळी घेतली, आणि गरज नसता लोकरीचा गुंडाही घेतला. यजमानांनी कोश काढिला, जो त्यांस नको होता, आणि परत ठेविला, आणि पुन्हा काढिला. चौथ्या खेपेस मातोश्रींनी हातवाऱ्यांनी कळविले की आता पुरे, नाहीतर दार खिळखिळे होईल. भाऊजींस विजयाची वार्ता धाडिली, त्यांचे उत्तर आले की, "सांगितलं होतं ना, नवी दांडी बसायला दोन-तीन दिवस लागतात." कोणी खोडून काढिले नाही. ज्या विजयात हिस्सेकरी अनेक तो विजय टिकाऊ.

ऊन कलले. सरकार निजलेल्या. सावल्या लांबल्या. सरकार निजलेल्या. इस्पितळास निघण्याची वेळ जवळ आली, आणि सरकार हाताची मूठ गालाखाली घेऊन ऐशा निजलेल्या की जणू पेटीतलाच कोणी मोठा होऊन पलंगावर आला आहे. तेव्हा विजयी सैन्यास उमजले की, सरकारस न उठविण्याच्या विद्येत आपण कैक वर्षे घालविली, परंतु उठविण्याची विद्या घरात कोणासच येत नाही.

"तू उठव," मातोश्री कुजबुजल्या.

"आई, तू उठव ना."

"मी सासू. मी उठवलं तर जन्मभर निघेल ते."

"मी नवरा आहे. माझं आजच निघेल."

यजमान खाकरले, परंतु इतक्या हळू की ते त्यांचे त्यांसच ऐकू आले. मातोश्रींनी पडदा थोडा सारिला, आणि सरकारच्या तोंडावर ऊन येते ऐसे पाहून घाईने पुन्हा ओढिला. अखेर यजमान पलंगाच्या कडेस बसले आणि त्यांनी एक बोट सरकारच्या खांद्यास लाविले, जैसे ओल्या शाईस लावितात.

सरकारनी एक डोळा उघडिला. पलंगाशी नवरा, त्याच्यामागे सासूबाई, दोघांच्या चेहऱ्यांवर अपराध. सरकारनी पुसिले, "काय झालं?"

"तुझी ड्यूटी," यजमान म्हणाले. "उशीर होईल."

"आज सुट्टी आहे मला," सरकार म्हणाल्या. "सकाळीच सांगणार होते. पण या घरात मला कोणी बोलू देतंय का?"

उभयतांनी खाली पाहिले. सरकारनी डोळा मिटला, मग पुन्हा उघडिला, आणि भिंतीकडे पाहून, जणू स्वतःशीच, पुसिले, "मी एवढा वेळ झोपले?"

"हो."

"मधे उठले नाही?"

"नाही," मातोश्री म्हणाल्या. "एकदा वजन विचारलंस फक्त."

सरकारनी यावर थोडा विचार केला. तो विचार निम्म्यावर असताच झोपेने त्यांस पुन्हा वेढिले, आणि उशीत तोंड खुपसून त्यांनी या मोहिमेतील अखेरचे फर्मान काढिले, ते असे: "उद्या मेट्रनबाईंना हो सांगते. आता सकाळपर्यंत कोणी उठवू नका."

येणेप्रमाणे उजवे दार जेर जाहले, दरोबस्त मुलूख शांत जाहला, नवजात कक्षाचा सुभा सरकारकडे कायम राहिला, आणि बॅगेस सदरेतील खुर्ची बहाल जाहली, जेथे तिच्यामुळे यजमानांस आता उभ्याने पुस्तके तपासावी लागतात, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. अधिक मजकूर पुष्कळ आहे. परंतु टाक कागदावर करकर वाजतो, भिंत पातळ आहे, आणि पलीकडे सरकार निजलेल्या आहेत. सबब टाक येथेच खाली ठेविला.